जुनी नोंद आणि चालू काम



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर बोलणारी मंडळी आपण ऐकत आला आहात. त्यांच्या रांगेत कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने उभे राहावे, आणि बोलावे ते संगणकातल्या जुन्या नोंदींविषयी, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण कामगाराची हजेरी, पगार, रजा आणि फंड ही सगळी आज संगणकात आहेत. पूर्वी वाद पडला की आम्ही टाइम ऑफिसात जाऊन मस्टर उघडायला लावीत असू. आता मस्टर डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा हिशेब मागायचा तर ते चालते कसे हे समजून घ्यावे लागते. ते मी पुस्तके वाचून आणि जाणकारांना विचारून जेवढे समजून घेतले, तेवढे आपल्यापुढे मांडणार आहे. आपल्यापैकी कुणी पतपेढीचे संचालक असतील, कुणी शाळेचे, वाचनालयाचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस असतील. त्यांनाही हा प्रश्न आज ना उद्या भेटणारच आहे.

प्रश्न कोणता?

समजा, एका कारखान्यात पाच हजार कामगार आहेत. प्रत्येकजण दिवसातून चार वेळा हजेरीच्या यंत्रावर पंच करतो : येताना, जेवणाला जाताना, परत येताना आणि सुटताना. म्हणजे दिवसाला २०,००० नोंदी झाल्या. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर वर्षाला ६० लाख, आणि वीस वर्षांत १२ कोटी. ह्यांतल्या गेल्या दोन वर्षांच्या १ कोटी २० लाख नोंदींशीच रोजच्या कामाचा संबंध येतो. बाकीच्या १० कोटी ८० लाख नुसत्या पडून आहेत.

आता सकाळी सातच्या पाळीचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. पूर्वी पंच केला की क्षणात दिवा लागे. आता यंत्र विचार करीत बसते, आणि गेटवरची रांग रस्त्यापर्यंत जाते. सातला दोन मिनिटे कमी असताना आलेल्या माणसाची नोंद सात वाजून चार मिनिटांनी पडते आणि त्याच्या नावावर उशिराची खूण लागते. कार्यालयातून निरोप येतो : 'डेटा फार झाला आहे, जुना काढून टाकतो.'

ह्या एका वाक्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. यंत्र मंदावले ते जुन्या नोंदींमुळेच, हे कशावरून? आणि 'काढून टाकतो' म्हणजे नेले कोठे?

आधी रोग ओळखावा

डेटाबेस म्हणजे आखलेल्या तक्त्यांचा समूह. माहिती अशा तक्त्यांत मांडावी, आणि ती यंत्रात कोठे ठेवली आहे ह्याची चिंता मागणाऱ्याने करू नये, हा विचार आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात मांडला. आजचे बहुतेक व्यवहार त्या पायावर उभे आहेत.

तक्त्यात कोट्यवधी ओळी असल्या तरी हवी ती ओळ चटकन सापडावी म्हणून इंडेक्स ठेवतात. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तसाच हा प्रकार. बोईंग कंपनीत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी अशी सूची रचण्याची एक युक्ती शोधली. तिचे नाव बी-ट्री, आणि त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. सूचीचे एक पान उघडायचे. त्यावर, समजा, ३०० पाट्या आहेत. योग्य पाटीवरून खालच्या पानावर जायचे, तेथे पुन्हा ३०० पाट्या. एका पायरीत ३००, दोन पायऱ्यांत ९०,०००, तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख आणि चार पायऱ्यांत ८१० कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येते.

हे गणित आपल्या कारखान्याला लावून पाहा. दोन वर्षांच्या नोंदी तीन पायऱ्यांत सापडतात, वीस वर्षांच्या चार पायऱ्यांत. नोंदी दसपट झाल्या आणि शोधात भर पडली ती एका पायरीची. तेवढ्याने गेटवर रांग लागत नाही.

मग रांग का लागते? पुष्कळदा इंडेक्स नसतोच, किंवा असून वापरला जात नाही. एक उदाहरण देतो. तारखेवर इंडेक्स आहे, पण प्रश्न असा विचारला की 'प्रत्येक नोंदीच्या तारखेतून वर्ष काढ आणि ते २०२४ असेल तर दाखव.' यंत्र बिचारे बारा कोटी ओळींतून वर्ष काढीत बसते. तोच प्रश्न '१ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंतच्या नोंदी दाखव' असा विचारला की सूची कामाला येते. यंत्र कोणत्या वाटेने शोधणार आहे हे त्यालाच विचारता येते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल ह्या दोन्ही डेटाबेसांत त्यासाठी 'एक्सप्लेन' नावाची आज्ञा आहे. जुने दप्तर हलविण्यापूर्वी ही आज्ञा देऊन उत्तर वाचावे. औषध देण्याआधी नाडी पाहण्यासारखेच ते आहे.

तथापि जुन्या नोंदींचे ओझे नसतेच असे मी म्हणत नाही. यंत्राची झटपट चालणारी स्मृती मर्यादित असते. तीत चालू नोंदींबरोबर जुन्यांची पाने शिरली की चालूंना जागा उरत नाही. संपूर्ण तक्ता वाचणारे अहवाल वर्षागणिक लांबतात. रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही. आणि सर्व्हर बंद पडला तर बॅकअपवरून काम पुन्हा उभे करायला जेथे एक तास पुरला असता तेथे दिवस जातो. ह्या कारणांसाठी जुन्या नोंदी बाजूला नेणे योग्यच आहे. फक्त ते कसे करावे, ह्याला रीत आहे.

जुने कशाला म्हणावे?

पहिली गोष्ट अशी, की वय पाहून नोंद जुनी ठरवू नये, काम संपले की नाही हे पाहून ठरवावी. सहा वर्षांपूर्वीची हजेरी कॅलेंडराच्या हिशेबाने जुनी झाली. पण त्या कामगाराला काढल्याचा दावा कामगार न्यायालयात चालू असेल, तर तीच नोंद आजचा पुरावा आहे. पतपेढीत दहा वर्षांपूर्वी दिलेले कर्ज फिटले नसेल तर त्याचा पहिला हप्ताही चालूच समजला पाहिजे. म्हणून 'दोन वर्षांपूर्वीचे सगळे हलवा' एवढाच नियम पुरत नाही. त्याला जोड हवी : 'वाद, चौकशी किंवा येणे बाकी असलेली नोंद जागेवर राहील.' अशा नोंदीवर खूण करून ठेवता येते, आणि हलविणाऱ्या प्रोग्रॅमला त्या खुणेला हात न लावण्याची आज्ञा देता येते.

दुसरी गोष्ट नात्यांची. एक नोंद दुसरीवर टेकलेली असते. हजेरीच्या ओळीत खाते 'क्रमांक १७' एवढेच लिहिलेले असते. सतरा म्हणजे रंगखाते, हे दुसऱ्या तक्त्यात असते. हजेरी हलविली, आणि पुढे रंगखाते बंद होऊन सतरा क्रमांक पॅकिंगला दिला गेला, तर जुनी हजेरी खोटे बोलू लागेल. म्हणून ओळींबरोबर त्या काळचे त्यांचे अर्थही गेले पाहिजेत.

एकदम पुसण्याचा धोका

उतावळा माणूस एकच आज्ञा देतो : 'दोन वर्षांपूर्वीच्या सगळ्या ओळी पूस.' मग काय होते ते पाहा.

डेटाबेसचा एक चांगला दंडक आहे. हाती घेतलेला व्यवहार पुरा होईल, नाहीतर मुळीच झाला नाही असे धरले जाईल. अर्धवट काही राहणार नाही. हा दंडक पाळायचा तर पुसलेली प्रत्येक ओळ परत आणता येईल अशी तजवीज यंत्राला व्यवहार संपेपर्यंत ठेवावी लागते. दहा कोटी ओळींसाठी ती तजवीज डोंगराएवढी होते. डिस्क त्या लिखाणात गुंतते आणि गेटवरचा पंच तिची वाट पाहतो. मध्येच कुणी घाबरून आज्ञा थांबविली, तर झालेले सगळे उलट फिरविण्यात आणखी वेळ जातो. शिवाय यंत्र ओळींना कुलुपे लावते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका आज्ञेने एका तक्त्यावर सुमारे ५,००० कुलुपे लावली की यंत्र ती सोडून संपूर्ण तक्त्यालाच एक मोठे कुलूप घालू पाहते. मग नव्या नोंदीलाही दार बंद होते. काही ठिकाणी मूळ सर्व्हरच्या मागोमाग त्याची नक्कल करीत चालणारा दुसरा सर्व्हर असतो. त्यावर हे सगळे काम पुन्हा होते, आणि तोवर तो शिळी माहिती दाखवीत राहतो.

इतके करून जागा मोकळी होते म्हणावे, तर तेही लगेच होत नाही. पोस्टग्रेसमध्ये पुसलेली ओळ आधी नुसती मृत ठरते. मागून 'व्हॅक्यूम' नावाचा झाडूवाला येऊन ती जागा नव्या ओळींसाठी मोकळी करतो, पण फाइलीचा आकार बहुधा तेवढाच राहतो. आकार खरोखर कमी करणारी 'व्हॅक्यूम फुल' ही आज्ञा तक्ता नव्याने लिहिते आणि तोवर त्याला पुरते कुलूप घालते. भर पाळीत ती देणे म्हणजे गेटच बंद करणे होय.

हमालाची रीत

दुकान चालू असताना गोदाम रिकामे करायचे असेल तर माथाडी कामगार काय करतो? सगळी पोती एकदम दारात आणून ठेवीत नाही. पेलेल तेवढे उचलतो, गिऱ्हाइकाला वाट देतो आणि पुन्हा येतो. डेटाबेसमध्ये नेमके हेच करायचे असते. एका वेळी हजार-दोन हजार ओळी घ्यायच्या, व्यवहार पुरा करायचा, क्षणभर थांबायचे आणि पुढच्या घ्यायच्या. मायएसक्यूएलसाठी 'पीटी-आर्काइव्हर' नावाचे साधन ह्याच तत्त्वावर चालते.

हिशेब करू. २,००० ओळींची एक खेप धरली तर १० कोटी ८० लाख ओळींच्या ५४,००० खेपा होतात. एका खेपेला विश्रांतीसह पाच सेकंद लागले तर एकूण ७५ तास झाले. रात्री बारा ते सहा एवढाच वेळ काम ठेवले तर तेरा रात्रींत ते उरकते. वीस वर्षांत साठलेले तेरा रात्रींत हलते आणि गेटवर कुणाला पत्ताही लागत नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालत असेल तर पाळी बदलण्याच्या वेळा टाळाव्यात. आणि सर्व्हरवर ताण दिसला की प्रोग्रॅमने आपण होऊन थांबावे, अशी सोय त्यात असावी.

ह्या रीतीत चार पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य क्रमाचे. आधी नक्कल, मग पडताळणी आणि शेवटी पुसणे. दप्तर दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर दोन्हीकडचे काम साध्या रीतीने एका व्यवहारात बांधता येत नाही. मध्येच वीज गेली तर काय होईल, ह्याचा विचार आधी केला पाहिजे. आधी नक्कल केली असेल तर नोंद दोन्ही ठिकाणी सापडेल. आधी पुसले असेल तर ती कोठेच सापडणार नाही. पहिली अडचण निस्तरता येते, दुसरीला इलाज नाही.

दुसरे पथ्य असे, की ज्या ओळींची नक्कल झाली त्याच ओळी त्यांच्या क्रमांकांनी पुसाव्यात. 'अमुक तारखेपूर्वीच्या पूस' असे पुन्हा सांगू नये. नक्कल आणि पुसणे यांच्यामध्ये कुणी एखादी जुनी नोंद उशिरा भरली असेल, तर ती नक्कल न होताच पुसली जाईल.

तिसरे, तीच खेप चुकून पुन्हा नेली तरी दप्तरात दुसरी प्रत पडता कामा नये. प्रत्येक नोंदीला एकमेव क्रमांक असला आणि दप्तराने तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेण्यास नकार दिला की हे साधते. नाहीतर पुढे कुणी बेरीज करील तेव्हा एका दिवसाचे दोन दिवस होतील.

चौथे, पुढची खेप कोठून घ्यायची हे शेवटच्या क्रमांकाची खूण ठेवून ठरवावे. 'पहिल्या पन्नास लाख सोडून पुढच्या दोन हजार दे' असे म्हटले तर यंत्राला त्या पन्नास लाख दर वेळी ओलांडाव्या लागतात, आणि काम दिवसेंदिवस मंद होत जाते.

पडताळणी म्हणजे ओळी मोजणे एवढेच समजू नये. दोन्हीकडच्या ओळींची संख्या, कामाच्या तासांची बेरीज, पहिली आणि शेवटची तारीख जुळवावी. शिवाय अधूनमधून पाच-पन्नास ओळी काढून शब्दाला शब्द ताडून पाहाव्यात.

रुमालाची रीत

याहून सुबक अशी दुसरी रीत आहे. ती पुण्याच्या पेशवे दप्तरावरून चांगली समजते. १८१८ साली पेशवाई गेली, पण तिचे कागद राहिले. ते कापडी रुमालांत बांधून ठेवण्याची पद्धत होती. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. कागद रुमालात बांधलेले असले की हलविणाऱ्याला एकेक चिठी उचलावी लागत नाही. तो अख्खा रुमाल उचलतो.

डेटाबेसमध्ये ह्या रुमालाला पार्टिशन म्हणतात. तक्ता बाहेरून एकच दिसतो, पण आत प्रत्येक महिन्याचा किंवा वर्षाचा वेगळा कप्पा असतो. नवी नोंद आपोआप आपल्या कप्प्यात जाऊन पडते. जुने वर्ष काढायचे झाले की एकेक ओळ पुसायची नाही. तो कप्पाच मूळ तक्त्यापासून सोडवून घ्यायचा. साठ लाख ओळींचे काम क्षणात होते, आणि झाडूवाल्यालाही काही उरत नाही. पोस्टग्रेसमध्ये अशी सरळ सोय २०१७ साली दहाव्या आवृत्तीत आली. चालू कामाला विशेष अडथळा न करता कप्पा सोडविण्याची सोय २०२१ साली चौदाव्या आवृत्तीत आली.

पण ह्या रीतीलाही अटी आहेत. कप्पे तारखेने पाडले असतील तर शोधतानाही तारीख सांगावी लागते. 'ह्या कामगाराची सगळी हजेरी दे' एवढेच म्हटले तर यंत्राला प्रत्येक कप्प्यात डोकवावे लागते. नोंदीच्या एकमेव क्रमांकात तारखेचाही समावेश करावा लागतो. आणि आधीच बारा कोटी ओळींनी भरलेला तक्ता कप्प्यांत बसविणे हे एक वेगळेच मोठे काम आहे. म्हणून नवी व्यवस्था मांडणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून कप्पे पाडावेत. जुन्या तक्त्याच्या धन्याने हमालाची रीत धरावी.

ठेवलेले वाचता आले पाहिजे

नोंदी हलल्या, यंत्र हलके झाले. एवढ्यावर काम संपले असे समजणारे पुष्कळ आहेत. परंतु दप्तराची परीक्षा ठेवताना होत नाही, ती मागताना होते. आपल्याकडे मोडी कागदांचे काय झाले ते आपण पाहतोच. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे, पण वाचणारे थोडे उरले. इंग्लंडात १०८६ सालची 'डूम्सडे बुक' नावाची जमीनमोजणीची वही आजही उघडून वाचता येते. तिला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली तशीच पाहणी करून ती खास लेसर डिस्कवर ठेवली. पंधरा-सोळा वर्षांतच ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि मजकूर वाचविण्यासाठी संशोधकांना खटपट करावी लागली.

म्हणून दप्तराची एक प्रत साध्या मजकुराच्या रूपात असावी. प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, हे सांगणारे टिपण तिच्या सोबत असावे. बॅकअप आणि दप्तर ह्या दोन गोष्टी एक समजू नयेत. बॅकअप ही अपघातासाठी ठेवलेली आजची नक्कल. दप्तर हे जुन्या नोंदीचे एकमेव घर, तेव्हा त्याचाही बॅकअप हवा. दप्तर वेगळ्या सर्व्हरवर असावे, म्हणजे जुना शोध करणाऱ्यामुळे चालू काम अडणार नाही. आणि वर्षातून एकदा तरी एखाद्या जुन्या वर्षाची नोंद दप्तरातून मागवून ती येते की नाही हे प्रत्यक्ष पाहावे.

एक ओळ मागे ठेवा

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. कामगाराला २४० दिवसांचा हिशेब तोंडपाठ असतो. वर्षात २४० दिवस काम भरले की सलग सेवेचे हक्क लागू होतात, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आले आहे. हे दिवस भरले असे दाखविण्याचा भार कामगारावर असतो, आणि त्याचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका निकालात म्हटले. विचार करा : पुरावा द्यायचा कामगाराने, आणि हजेरीचे यंत्र कारखान्याच्या ताब्यात! अशा वेळी 'जुना डेटा काढून टाकला' हे वाक्य माणसाची नोकरी घेऊन जाऊ शकते.

मुंबईच्या गिरणी कामगारांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या घरांसाठी म्हाडाने कामगारांची पहिली सोडत काढली ती २०१२ साली. मधे तीस वर्षे गेली होती. घरावर हक्क सांगायला पुरावा कोणता? तिकीट नंबर, लाल पास, पगाराची पावती, ई.एस.आय.चा क्रमांक, हजेरीपत्रक. ज्याच्या घरी ट्रंकेत चिठोरे टिकले त्याला आधार मिळाला. ज्याचे गावच्या पावसात भिजून गेले त्याने कोणत्या दारी जावे? १९८२ साली त्या चिठोऱ्याला कुणी 'चालू कामाची नोंद' म्हटले नसते.

म्हणून माझी सूचना अशी आहे, आणि ती यंत्राला जड नाही. पंचाच्या बारा कोटी ओळी खुशाल दप्तरात न्या. पण जाण्यापूर्वी प्रत्येक कामगाराची प्रत्येक वर्षाची एक ओळ तयार करून चालू डेटाबेसमध्ये ठेवा : तिकीट नंबर, वर्ष, खाते, हजर दिवस, पगारी रजा, आणि सविस्तर नोंद दप्तरात कोठे आहे त्याचा पत्ता. पाच हजार कामगार आणि वीस वर्षे, म्हणजे एक लाख ओळी झाल्या. बारा कोटींच्या जागी एक लाख! यंत्राला त्यांचे ओझे नाही, आणि कामगाराला आपले २४० दिवस एका क्षणात पाहता येतात. वाद पडला तरच दप्तराचा रुमाल सोडायचा. यंत्राची गती आणि माणसाचा हक्क यांत भांडण आहे असे आम्हाला वारंवार सांगितले जाते. ह्या एक लाख ओळींनी ते भांडण मिटते. त्या ओळीची छापील प्रत दर वर्षी कामगाराच्या हाती दिली तर फारच उत्तम.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळेच सर्वकाळ ठेवा, असा माझा आग्रह नाही. अंगठ्याचे ठसे, चेहऱ्याची मापे, कॅमेऱ्यातली चित्रे ही कामगार सोडून गेल्यावरही कुणाच्या कपाटात पडून राहणे धोक्याचे आहे. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी कायदा केला. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर, दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवणे भाग नसेल तर, ती पुसावी, असे तत्त्व त्यात आहे. तेव्हा काय ठेवायचे, किती वर्षे ठेवायचे, काय पुसायचे आणि कुणाच्या सहीने, ह्याची लेखी यादी प्रत्येक संस्थेत असावी. ती संगणकवाल्याने एकट्याने करू नये. ज्यांच्या नोंदी आहेत त्यांचे प्रतिनिधी तेथे बसलेले असावेत.

श्रोतेहो, उद्या आपल्या पतपेढीत, शाळेत किंवा कारखान्यात कुणी म्हणाले की 'जुना डेटा काढल्याशिवाय गती येणार नाही', तर त्याला विरोध करू नका आणि मानही डोलवू नका. शांतपणे पाच प्रश्न विचारा. मंदपणाचे कारण तपासले का? जुने कोणत्या नियमाने ठरविले? थोडे थोडे, चालू काम न अडविता नेणार ना? पुसण्याआधी ताडून कुणी पाहणार? आणि शेवटचा प्रश्न, २००८ सालच्या एका नोंदीचे नाव सांगून : ही आता परत आणून दाखविता का? पहिल्या चारांची उत्तरे तोंडी मिळतील, ती लिहून घ्या. पाचव्याचे उत्तर मात्र पडद्यावरच पाहा, आणि ते दिसेपर्यंत पुसण्याच्या कागदावर सही करू नका.